फांदीची दोन टोके

एका जंगलात, जिथे दोन डोंगरांच्या मधे खोल घळ होती, तिथल्या वानरांच्या टोळीत एक वानरी राहत असे. उड्या तर सगळीच वानरे मारतात, त्यात सांगण्यासारखे काही नाही. पण या वानरीची उडी पाहायला खाली चरणारी हरणेही मान वर करून थांबत. ती फांदीवर क्षणभर बसे, समोर पाही आणि निघे. जिथे उतरायचे तिने ठरवलेले असे, नेमके तिथेच तिचे हात पडत.

म्हणून टोळीत एक रिवाज पडला होता. घळ ओलांडायची झाली की पहिली उडी या वानरीची. ती पलीकडे पोचली की मागे वळून "हूप!" करी. मग बाकीची वानरे ती जिथून निघाली तिथूनच निघत आणि ती जिथे उतरली तिथेच उतरत. टोळीचा म्होरक्या, जाडजूड हुप्प्या, तोसुद्धा. "म्होरक्या मी आहे खरा," तो मिशांतल्या मिशांत म्हणे, "पण घळीवर राज्य हिचं." घळीत खाली उतरून जाण्याचा विचार मात्र कोणी करत नसे. तळाच्या कपारीत बिबट्याची मादी राहत होती, आणि पिल्ले झाल्यापासून तिला कोणाचीच ये-जा खपत नव्हती.

वानरीलाही एक पिल्लू होते. काळ्या तोंडाचे, मोठ्या कानांचे, सदा तिच्या पोटाशी घट्ट बिलगलेले. तिची थोरली बहीण त्याला दिवसातून किती तरी वेळा मागून नेई. वानरांत पिल्लू एकट्या आईचे नसतेच. मावश्या, आत्या, शेजारणी, सगळ्या त्याला आळीपाळीने पोटाशी धरतात. पण अंधार पडायच्या आत ते आपल्या आईकडे परत येते, आणि आईही तोवर दहा वेळा मान वळवून त्याच्याकडे पाहून घेते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी मोठे वादळ झाले. बांबूच्या बेटातून टोळी आडोशाला पळत होती. वाऱ्याने वाकलेला एक बांबू सटकन सरळ झाला, आणि त्याची काडी वानरीच्या उजव्या डोळ्यात गेली. किती तरी दिवस ती डोळा मिटून फांदीच्या बेचक्यात बसून राहिली. बहिणीने कोवळी पाने आणून दिली, जखम चाटून स्वच्छ ठेवली. हळूहळू डोळा बरा झाला, म्हणजे दुखायचा थांबला. दिसायचे मात्र त्यातून गेले ते गेलेच.

"जाऊ दे गं ताई," वानरी म्हणाली. "दुसरा आहे ना शाबूत? ते समोरच्या कड्यावरचं मधाचं पोळं दिसतंय मला. दोन डोळे होते तेव्हा काय दोन दिसायची? एकच दिसायचं. आताही एकच दिसतंय. मग गेलं काय?"

बहिणीला उत्तर सुचले नाही.

बाळांनो, तुम्हालाही कदाचित सुचणार नाही. म्हणून आधी एक गंमत करून पाहा. एक डोळा झाका, आणि आईला सांगा हात लांब करून पेन उभे धरायला. आता त्या पेनावर वरून टोपण बसवा बरे! पेन दिसते, टोपण दिसते, सगळे लख्ख दिसते. तरी टोपण कधी पेनाच्या अलीकडे उतरते, कधी पलीकडे. दोन्ही डोळे उघडले की कसे अलगद बसते! वानरीचे काय गेले होते ते यावरून तुम्हाला कळेल. तिला स्वतःला मात्र ते कळायला वेळ लागला.

सुरुवात लहानसहान गोष्टींनी झाली. बोरावर हात टाकावा, तर मुठीत वाराच यावा. बहिणीच्या डोक्यातल्या उवा काढायला बसावे, तर बोट भलतीकडेच जावे.

"अगं बाई, ऊ डोक्यात आहे! नाकात काय शोधतेस माझ्या?" बहीण ओरडली.

"तुझं नाकच पुढं आलंय आजकाल," वानरी म्हणाली, आणि दोघीही खो खो हसल्या.

पण पुढे हसण्याचा प्रसंग राहिला नाही. त्या वादळात घळीच्या पलीकडची, टोळीची नेहमीची उतरायची फांदी मोडून पडली होती. आता नवी जागा शोधायची होती, आणि रिवाजाप्रमाणे ती वानरीनेच शोधायची होती. सगळी टोळी मागे येऊन बसली. पिल्लू वानरीच्या पोटाशी होते. तिने समोर पाहिले. सागाची एक फांदी चांगली आडवी आली होती. तिची पाने सुपाएवढी मोठी, शिरान्‌शीर दिसणारी. "हात लांबवला की आलीच," वानरी मनात म्हणाली आणि निघाली.

फांदी आली नाही. जिथे ती असायला हवी होती तिथे नुसती हवा होती. वानरी पिल्लासकट खाली गेली. नशीब म्हणून अलीकडच्याच एका झाडावरून घळीत गारंबीची जाडजूड वेल लोंबत होती. ती हाताला लागली, तळहात सोलवटून निघाले, पण दोघे वाचली. खालून बिबट्याच्या मादीची गुरगुर ऐकू आली.

वानरी वेलीला धरून पुन्हा अलीकडच्या काठावर आली. पिल्लू हुंदके देत होते. बहीण पुढे झाली, आणि तिने पिल्लाला वानरीच्या पोटापासून सोडवून आपल्या पोटाशी धरले.

"ताई, ते दे इकडे."

"देईन. दूध प्यायला आणीन तुझ्याकडे. पण फांदीवरून फांदीवर जाताना ते माझ्याजवळ राहील."

"कुठवर?"

"तुझी उडी पुन्हा तुला सापडेपर्यंत." बहिणीचा हात सैल झाला नाही. "तू रागावलीस तरी चालेल मला. ते पडलेलं मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस."

वानरीने पुढे केलेले हात मागे घेतले. बहिणीचे खरे होते.

टोळीतल्या एका तरण्या वानरीने मग पलीकडच्या ऐनाच्या झाडाची एक आडवी फांदी हेरली, आणि पहिल्या उडीचा मान तिच्याकडे गेला. त्याचे वानरीला फारसे वाटले नाही. तिच्या मनाला खात होते ते वेगळेच. अलीकडच्या डोंगरातला झरा दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. हुप्प्याने सगळ्यांना सांगून टाकले, "झरा आटला की पलीकडे जायचं. पाऊस लागेपर्यंत माघारी येणं नाही." मग तो वानरीकडे न पाहता म्हणाला, "ज्यांना जमेल त्यांनी यायचं. पाण्यावाचून मी कुणाला इथं थांबवून ठेवू शकत नाही."

म्हणजे पिल्लू पलीकडे जाणार होते. वानरीला उडी जमली नाही, तर ती अलीकडे एकटी, कोरड्या झऱ्यापाशी राहणार होती.

ती रोज घळीच्या काठावरच्या बेहड्याच्या झाडावर जाऊन बसू लागली. समोर पाही, डोळा ताणून पाही, बारीक करून पाही. झाडे, फांद्या, कडा, सगळे अगदी स्पष्ट; पण सगळे एकाच पातळीवर, जणू कोणी एका मोठ्या पानावर चित्र काढून समोर उभे धरले आहे. त्यात अलीकडचे कोणते आणि पलीकडचे कोणते, काही कळेना.

त्याच बेहड्यावर एक म्हातारा धनेश राहत असे. मोठी पिवळी चोच, पापण्यांचे केस पांढरे झालेले. धनेश पक्षी नेहमी जोडीने दिसतात. हा एकटा होता. त्याचे एक विचित्र चाले. तो फांदीच्या एका टोकाला बसून समोरच्या डोंगराकडे पाही. मग सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जाई आणि तिथून पाही. पुन्हा पहिल्या टोकाला. आणि मग भर्रकन उडून नेमका पिकल्या उंबरावर जाऊन उतरे.

अशा येरझारा पाहून पाहून वानरी कंटाळली. "आबा, एका जागी बसा की जरा! फांदी हलतेय माझी."

"फांदी माझी आहे. तू आता आलीस," धनेश म्हणाला.

"पण करता काय एवढं?"

"दिसत नाही? बघतोय."

"बघायला दोन टोकं कशाला लागतात? डोंगर तोच आहे ना?"

धनेशाने चोच फांदीला घासली. मग म्हणाला, "त्या टोकाला ती बसायची. या टोकाला मी. उंबर पिकला की रोज सकाळी भांडण. ती म्हणायची, उंबर त्या काळ्या खडकाच्या डाव्या अंगाला आहे. मी म्हणायचो, डोळे फुटलेत का तुझे, उजव्या अंगाला आहे. तिच्या टोकावरून तसं दिसायचं, माझ्या टोकावरून असं. खरं दोघांचंही. पण त्या भांडणातून उंबर किती लांब आहे ते दोघांनाही बरोबर कळायचं. कधी चुकलो नाही आम्ही."

"आणि आता?"

"आता दोन्ही टोकांना मीच बसतो."

वानरीने हळूच विचारले, "मग भांडता कुणाशी?"

"माझ्याशीच."

"कोण जिंकतं?"

"तीच," धनेश म्हणाला, आणि उंबराकडे उडून गेला.

तो गेल्यावर वानरी त्याच्या टोकाला जाऊन बसली. समोर जवळच एक वाळकी काटकी उभी होती, आणि तिच्या मागे दूरवर सावरीचे पांढरे खोड. काटकी खोडाच्या उजवीकडे दिसत होती. मग ती दुसऱ्या टोकाला गेली. काटकी टुणकन उडी मारून खोडाच्या डावीकडे गेली! वानरी दचकली. ती परत पहिल्या टोकाला आली. काटकीही परत उजवीकडे आली. सावरीचे खोड मात्र जागचे फारसे हलले नव्हते, आणि त्याच्या मागचा कडा तर तसूभरही नाही.

वानरी त्या दिवशी दूध पाजायची वेळ होईपर्यंत नुसती इकडून तिकडे जात राहिली. जे जवळ होते ते खूप उड्या मारत होते. जे लांब होते ते थोडेसे सरकत होते. आणि जे फारच लांब होते ते मख्खपणे बसून होते. एकाच पानावर काढलेले चित्र हळूहळू उलगडत होते. हे अलीकडचे, ते त्याच्या मागचे, ते त्याच्याही मागचे.

बाळांनो, तुमच्या नाकासमोर अंगठा उभा धरा. आधी एक डोळा मिटून पाहा, मग दुसरा. अंगठाही तसाच उडी मारतो, हो ना? दोन डोळे म्हणजे एका छोट्याशा फांदीच्या दोन टोकांना बसलेले दोन शेजारी. मधे फक्त नाकाएवढे अंतर. तरी एकाला जे दिसते तेच्या ते दुसऱ्याला दिसत नाही. जन्मभर त्यांचे असे गोडीचे भांडण चालते, आणि डोक्याच्या आत कोणीतरी दोघांचेही म्हणणे ऐकून घेऊन निवाडा करते. त्या निवाड्यालाच आपण खोली म्हणतो, अंतर म्हणतो. आपल्याला तो फुकट मिळतो, म्हणून त्याची आठवणही राहत नाही.

वानरीला आता तो कष्टाने मिळवायचा होता. प्रत्येक वेळी फांदीभर चालत जाणे शक्य नव्हते, म्हणून तिने बसल्या जागी झुलायला सुरुवात केली. शरीर डावीकडे, मग उजवीकडे, जिथून गेलेल्या डोळ्याने पाहिले असते त्याच्याही थोडे पलीकडे. मग लहानशी उडी. चुकली की पुन्हा. टोळीतल्या वानरांना करमणूकच झाली.

"काय गं, अंगात आलंय का?" एकजण म्हणे.

"पिल्लू मावशीकडे आणि पाळणा हिच्याकडे!" दुसरी म्हणे.

बहीण त्यांच्यावर दात विचकून धावून जाई, आणि परत येऊन वानरीला म्हणे, "तू झूल गं. मी आहे." एवढे बोलूनही पिल्लू मात्र ती आपल्याच पोटाशी ठेवी.

आणि एका सकाळी झरा आटला. दगडांवर नुसती ओल राहिली. हुप्प्याने हाक दिली, आणि टोळी घळीच्या काठी जमली. तरणी वानरी पहिली गेली. ऐनाच्या फांदीवर उतरून तिने "हूप!" केले. मग एकेक जण निघाला. बहीण अडून बसली.

"मी थांबते तुझ्याबरोबर."

"आणि पिल्लाला पाणी?" वानरी म्हणाली. "ताई, जा तू. ते पडलेलं तू पाहिलंस ना? मग पोचलेलंही तूच बघ."

बहीण गेली. पिल्लाने तिच्या काखेतून मागे पाहिले आणि टाहो फोडला. वानरी अजून झुलून ऐनाचे अंतर पाहत होती, म्हणून तिच्या आधी, बाकी सर्वांच्या शेवटी हुप्प्या निघाला. तो होता जड, आणि इतक्या वानरांचे हिसके खाऊन फांदी आधीच दमली होती. तो पलीकडे पोचला, खोडाला बिलगला, आणि त्याच्या मागे ऐनाची फांदी कडाड करून तुटली. ती खाली आदळल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

आता वाट उरली नव्हती. अलीकडे वानरी एकटी. पलीकडे एकच गलका उडाला.

"सागावर ये! सागावर!"

"सागावर नको, मागच्या वेळी तिथंच तर गेली!"

"थांब, हलू नकोस!"

"कुणी ओरडू नका!" बहिणीचा आवाज सगळ्यांवर चढला. "तिला बघू दे."

एकदम शांतता झाली. पिल्लूसुद्धा थांबले.

वानरी फांदीवर बसली. तिने अंग डावीकडे झुकवले. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. सागाची ती सुपाएवढी पाने पुन्हा अगदी हाताशी आल्यासारखी दिसत होती. पण ती झुलली तशी ती पाने हलली का? नाही. मागच्या कड्याबरोबर ती नुसती बसून होती. ती लांब होती. मोठी होती, म्हणून जवळची वाटत होती. आणि तिकडे, जरा खालच्या अंगाला, शिरीषाची एक फांदी. तिची पाने इतकी बारीक, की लांबच्या धुक्यासारखी दिसावीत. आजवर तिच्याकडे वानरीने ढुंकूनही पाहिले नव्हते. पण वानरी डावीकडे झुकली की ते धुके टुणकन एकीकडे जाई. उजवीकडे झुकली की टुणकन दुसरीकडे.

"तू जवळ आहेस," वानरी पुटपुटली.

तिला भीती वाटत नव्हती असे नाही. तिच्या सोलवटलेल्या तळहातांना अजून ती वेल आठवत होती. तिने पुन्हा एकदा झुलून पाहिले. शिरीषाने तेच उत्तर दिले. मग तिने पाय फांदीवर रोवले, आणि निघाली.

फांदी आली. जितकी लांब असेल असे तिने धरले होते तितकीच लांब होती. बारीक पाने तिच्या तोंडावर आली, फांदी खाली वाकली, पुन्हा वर आली, आणि वानरी तिच्यावर दोन्ही हातांनी बसलेली होती.

टोळीने जो काय हूप हूप केला, तो ऐकून तळाची बिबट्याची मादीही कपारीत शिरली असेल. हुप्प्या म्हणाला, "मी म्हणतच होतो!" तो तसे काहीच म्हणत नव्हता, पण त्या आनंदात कोणी त्याला अडवले नाही.

बहीण फांद्यांवरून धावत आली. तिने पिल्लू पुढे केले. पिल्लानेच आईच्या अंगावर झेप घेतली आणि केसांत मुठी रोवल्या.

"जड झालंय गं," वानरी म्हणाली.

"मग? माझ्याकडे होतं," बहीण म्हणाली आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवले. तिचे दोन्ही डोळे भरून आले होते, आणि त्या घटकेला तिला जवळचेही धड दिसत नव्हते.

टोळी पाण्याकडे निघाली. पुढचे झाड बरेच लांब होते. वानरी थांबली आणि डावीकडे, उजवीकडे झुलून अंतर पाहू लागली. पिल्लाला ते फार आवडले. त्याचे दोन्ही डोळे छान होते, त्याला झुलायची काही गरज नव्हती. तरी आईच्या पोटाशी धरून तेही मान डोलवू लागले, एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि वानरीने ते थांबेपर्यंत उडी मारायची घाई केली नाही.

तात्पर्य : दोघांना दोन जागांवरून थोडे थोडे वेगळे दिसते, म्हणूनच जगाची खोली कळते. दोघांतला एकच मागे उरला, तर त्याने दुसऱ्याच्या जागेवरूनही पाहत राहावे. जग पुन्हा हाताला लागते.